गैरहजर बाईचे मत

महाराष्ट्रात एक मतपत्रिका अशी आहे की तिच्यावर उमेदवाराचे नाव नसते आणि पक्षाचे चिन्हही नसते. दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. उभी बाटली म्हणजे गावातले परवानाधारक दारूदुकान चालू राहावे, आडवी म्हणजे ते बंद व्हावे. ज्या बाईला सही करता येत नाही तिलाही ही मतपत्रिका समजते. सरकारी कागदपत्रांत इतकी सोपी गोष्ट क्वचित सापडते.

या मतदानामागचा नियम मात्र तितका सोपा नाही. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतले जाते. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. ही निम्मी मते झालेल्या मतदानातली नव्हेत. यादीत नाव असलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक बायकांनी प्रत्यक्ष येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा.

गावातल्या यादीवर ८०० बायका आहेत असे समजू. मतदानाला ४२० आल्या, त्यांतल्या ३९० जणींनी आडवी बाटली निवडली आणि ३० जणींनी उभी. कोणत्याही निवडणुकीत याला दणदणीत विजय म्हटले असते. इथे हा पराभव आहे, कारण हव्या होत्या ४०१. घरी राहिलेल्या ३८० जणींनी काहीच म्हटलेले नाही, पण हिशेबात त्या उभ्या बाटलीच्या बाजूला जाऊन बसल्या. या लेखाचा विषय आहे ती ही घरी राहिलेली बाई. एकाच प्रश्नावर मत मागितले जाते तेव्हा त्या प्रश्नाचे समर्थक घराबाहेर का पडत नाहीत, आणि न पडणाऱ्यांना कोण कोणाच्या खात्यात मांडते, हे मला कर्जत-खालापूरच्या जमिनीवर ठेवून पाहायचे आहे.

जमीन हीच निवडण्याचे कारण, दारूचा कायदा इथे फार जुना आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीचे झाड आणि मोहाची भट्टी दोन्ही सरकारच्या हिशेबात आली. त्याआधी वाडीवाडीत गाळली जाणारी दारू पुढे उरणच्या मोठ्या कारखान्यांतून, मक्तेदाराच्या हातून आणि सरकारी कर भरून येऊ लागली. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १८९१ मध्ये ते कुलाब्याला जोडले गेले. खालापूर हा कर्जतचाच पोटभाग. कुलाब्याचे रायगड व्हायला १९८१ उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. बेकायदा गाळप थांबवायचे म्हणून मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध आले. ठाकूर आणि कातकरी घरांत मोहाचे फूल हे खाण्याचेही जिन्नस होते, पण कायद्याने त्यात दारूच पाहिली. ज्यांच्या अंगणातले झाड कायद्याखाली आले त्यांना कुणी काही विचारल्याची नोंद मला कुठे दिसलेली नाही.

विचारले गेले ते निराळ्या रीतीने, आणि विचारणारे सरकार नव्हते. १८८६ च्या सुमारास ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यात, मुख्यतः आगरी समाजात, जातपंचायतींनी दारू सोडण्याचे ठराव केले. महाग झालेली करपात्र दारू आणि कमी झालेली ताडी यांचा राग त्यामागे होता. केवळ नीतीची चाड होती असे समजण्याचे कारण नाही. सरकारला त्यात महसुलाचा तोटा दिसला आणि ठराव मोडून काढण्याचा प्रयत्न झाला. मला यातली निर्णयाची पद्धत महत्त्वाची वाटते. पंचायतीत गैरहजर राहण्याची सोय नसते. जो बसला नाही त्यालाही ठराव लागू होतो, आणि मोडणाऱ्याला दंड असतो. त्या व्यवस्थेत जुलूम होता, बायकांना तर त्या बैठकीत जागाच नव्हती. पण न आलेल्याला दारूच्या बाजूचा धरायचा, असला हिशेब मात्र पंचायतीने कधी मांडला नसता.

याच काळात इकडच्या अबकारीवर एक मतदान लंडनमध्ये झाले. ३० एप्रिल १८८९ रोजी सॅम्युएल स्मिथ या खासदाराने हिंदुस्थानातल्या अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव कॉमन्स सभागृहात मांडला. विल्यम केन हे त्याचे मोठे पाठीराखे होते. ठराव ११३ विरुद्ध १०३ मतांनी संमत झाला. सभागृहाची सभासदसंख्या तेव्हा ६७० होती. म्हणजे उपस्थितांची संख्या एकतृतीयांशाच्या आतबाहेर, आणि ठरावाच्या बाजूने एकूण सभासदांपैकी सुमारे १७ टक्के. तरीही सरकारचा पराभव झाला, आणि हिंदुस्थान सरकारला खुलासे पाठवावे लागले. त्या रात्री जेवायला घरी गेलेल्या खासदारांना कुणी ‘विरोधात’ मोजले नाही. खासदारांसाठी एक मोजमाप आणि गावच्या बायकांसाठी दुसरे, हा फरक तेव्हापासून पाहत यावा असा आहे.

केन यांनीच पुढे १८९३ मध्ये गांजा-भांगेचा प्रश्न कॉमन्समध्ये विचारला आणि त्यातून हिंदुस्थानातला भांग-गांजा आयोग निघाला. सात सभासद, ११९३ साक्षीदार. सरसकट बंदीची गरज नाही, नियंत्रण आणि कर पुरेत, असा त्याचा निष्कर्ष होता. नव्वद वर्षांनी, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, गांजा गुन्हा ठरला. नुसती पाने आणि बिया मात्र व्याख्येबाहेर राहिल्या. बंदी नको म्हणणारा आयोग आणि बंदी करणारा कायदा, दोन्ही वेळी मतपेटी नव्हती. गांजावर मतपेटी पाहायची तर अमेरिकेत जावे लागते, आणि तिथे आपल्या आडव्या बाटलीवर चांगला उजेड पडतो.

कॅलिफोर्नियात २०१० मध्ये गांजा कायदेशीर करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. साडेसेहेचाळीस टक्के मते मिळून तो पडला. ती मध्यावधी निवडणूक होती. अध्यक्ष निवडायचा नसला की तिकडे तरुण मतदार कमी येतो, आणि गांजाचे समर्थन त्याच वयात सर्वाधिक. सहा वर्षांनी अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी तसाच प्रस्ताव ५७ टक्क्यांनी संमत झाला. दरम्यान मतेही बदलली असतील, पण कोणत्या दिवशी विचारले याचाही त्यात वाटा होता. फ्लोरिडाची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे घटनादुरुस्तीला झालेल्या मतदानाच्या ६० टक्के मते लागतात. औषधी गांजाचा प्रस्ताव २०१४ मध्ये ५७.६ टक्के मते मिळवूनही हरला. २०१६ मध्ये त्याला ७१ टक्के पडली.

आता फ्लोरिडाला महाराष्ट्राचा नियम लावून पाहू. २०१४ मध्ये बाजूने पडलेली मते सुमारे ३४ लाख, नोंदलेले मतदार सुमारे १ कोटी १९ लाख. म्हणजे २८ टक्के. २०१६ च्या त्या प्रचंड विजयात बाजूची मते ६५ लाख आणि नोंदलेले मतदार सुमारे १ कोटी २९ लाख. जेमतेम निम्मी! ज्या निकालाला अमेरिकेत लाट म्हटले गेले तो आपल्या नियमात काठावर पास झाला असता. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय २०१६ मध्ये ५१.९ टक्क्यांनी घेतला. मतदान ७२ टक्के होते, म्हणजे नोंदलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के. देश संघातून बाहेर पडू शकतो, पण खालापूर तालुक्यातले एखादे देशी दारूचे दुकान तेवढ्या मतांवर बंद होऊ शकत नाही.

घरचेच उदाहरण हवे असेल तर विधानसभेचे घ्यावे. २०२४ मध्ये राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, आणि ते अलीकडच्या काळातले चांगले मतदान मानले गेले. एवढ्या मतदानात नोंदलेल्यांपैकी निम्मी मते मिळवायची तर उमेदवाराला पडलेल्या मतांपैकी ७६ टक्के मते हवीत. कर्जत आणि खालापूर मिळून जो विधानसभा मतदारसंघ आहे तिथल्या लढती चुरशीच्या होतात. आडव्या बाटलीचा नियम आमदाराला लावला तर ही जागा बहुधा कायम रिकामी राहील.

असा उंबरठा जगात अन्यत्र नाही असे नाही. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्याने गावाला दारूदुकाने बंद करण्याचे मतदान घेता येई. पहिली मतदाने १९२० मध्ये झाली. त्या कायद्याने दोन अटी घातल्या होत्या: पडलेल्या मतांपैकी ५५ टक्के, आणि शिवाय एकूण मतदारांपैकी ३५ टक्के. उंबरठा आहे, पण ओलांडता येईल असा. उत्तरेकडचे विक हे कोळ्यांचे बंदर त्या कायद्याखाली १९२२ पासून १९४७ पर्यंत कोरडे राहिले, आणि मग मतदानानेच पुन्हा ओले झाले. इटलीत कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्या मतदारांची हजेरी लागते. १९९१ मध्ये बेत्तिनो क्राक्सी या माजी पंतप्रधानांनी लोकांना समुद्रावर जाण्याचा सल्ला दिला, म्हणजे मतदानाला जाऊ नका. लोक त्या वेळी समुद्रावर न जाता मतदानाला गेले. पण युक्ती टिकली. जून २०२५ मधली इटलीची सार्वमते तीस टक्क्यांच्या आसपास हजेरी लागून बाद झाली. उंबरठा असला की विरोधकाला मन वळवावे लागत नाही, नुसते घरी बसवावे लागते.

आडव्या बाटलीच्या मतदानाची मेख इथेच आहे असे माझे मत आहे. कायदा गुप्त मतदानाची हमी देतो, आणि मतपत्रिका खरोखर गुप्त असते. पण उभ्या बाटलीच्या बाजूच्या बाईला मतदानाला जायची गरजच नाही. तिचे मत घरबसल्या मोजले जाते. त्यामुळे जी बाई चप्पल घालून शाळेच्या दिशेने निघाली तिने काय ठरवले आहे हे अख्ख्या गावाला कळते. दुकानदाराला कळते, दुकानदाराकडे उधारी असलेल्या नवऱ्याला कळते. आत पडदा आणि बाहेर उघडा रस्ता. त्याआधी २५ टक्के सह्यांचा अर्ज झालेला असतो, तोही नावानिशी. मग बूथवर गडबड करण्याची गरज कुणाला आहे? त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी चार जण खुर्च्या टाकून बसले तरी पुरते.

आता कर्जत-खालापूरची यादी. मतदारयादीतली बाई आणि गावात राहणारी बाई यांत आपल्याकडे नेहमीच अंतर असते. मुलगी लग्न होऊन गेली तरी माहेरच्या यादीतले नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हाताऱ्या वारल्या तरी यादीत जिवंत असतात. नेरळ, कर्जत, खोपोलीच्या पट्ट्यात लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या बायका आहेत. त्या पहाटे कल्याण-ठाण्याकडे जातात आणि दिवेलागणीला परततात. रविवारी मतदान ठेवले तर प्रश्न सुटेल असे शहरातल्या माणसाला वाटते. पण कडाव, कशेळे, कोंदिवडे, चौक या बाजूंच्या फार्महाउसांत आणि रिसॉर्टांत रविवार हाच कामाचा दिवस. स्वयंपाक, भांडी, चादरी, सगळे बायकांवर. मुंबईचा पाहुणा मजेसाठी येतो त्या दिवशी इथल्या बाईची रजा नसते. त्याच्या टेबलावर बाटली असते हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत मोठी गैरहजेरी कातकरी वाड्यांची. भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, मुकादम गाडी घेऊन येतो, आणि भांडीकुंडी, पोरे, कोंबड्या यांसकट वाडी उठते. परत येणे आगोटीला, पावसाच्या तोंडावर. सहा-सात महिने यादीतली नावे वाडीत आणि माणसे भिवंडी-पनवेलच्या भट्ट्यांवर. पावसाळ्यात मतदान घेणे अवघड म्हणून सरकारी सोयीचे दिवस येतात ते नेमके या महिन्यांत.

वरचेच उदाहरण पुढे नेते. आकडे माझे, समजण्यापुरते. यादीवर ८०० बायका. वारलेल्या ४०, लग्न होऊन गेलेल्या ७०, नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्या ३०, भट्टीवर गेलेल्या १२०. गावात उरल्या ५४०. त्यांतून ४०१ मते काढायची, म्हणजे उपस्थित असलेल्यांपैकी चौघींमागे तिघींनी येऊन एकाच बाजूला शिक्का मारायचा. आणि भट्टीवर गेलेल्या त्या १२० जणी? उचलीचा पैसा दारूत गेला म्हणून ज्यांना भट्टीवर जावे लागले त्यांतल्याही काही असतील. त्या सर्व उभ्या बाटलीच्या बाजूच्या धरल्या गेल्या.

या नियमाची बाजू घेणारे म्हणतात की परवानाधारकानेही पैसे गुंतवलेले असतात. मूठभर मतांवर कुणाचा धंदा बंद करणे बरे नाही. हे खोटे नाही. मूठभरांच्या निर्णयाला अटकाव हवा, आणि स्कॉटलंडची ३५ टक्क्यांची अट तोच अटकाव करत होती. दुसराही आक्षेप ऐकायला मिळतो, तो मला अधिक गंभीर वाटतो. दुकान बंद झाले की हातभट्टी वाढते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. कातकरी वाडीला छळणारी दारू बऱ्याचदा परवान्याच्या दुकानातली नसतेच. हातभट्टीला परवाना नाही, म्हणून तिच्याविरुद्ध मतपत्रिकाही नाही. तिथे बायकांनी पोलिसांकडे जायचे. बाटलीची मतपत्रिका सगळा प्रश्न सोडवते असे माझे म्हणणे नाही. पण जो प्रश्न विचारला जातो तो तरी सरळ विचारला जावा.

आपल्याकडे दारूचे मोठे निर्णय मतपेटीवाचूनच होत आले आहेत. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ ला डॉ. गिल्डर मंत्री असताना दारूबंदी आली, आणि काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर ढिली पडली. १९४९ चा कायदा आला, एप्रिल १९५० पासून प्रांतभर बंदी झाली. साठच्या दशकात ती सैल होत गेली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूला राजमार्ग मिळाला. मूळ कायद्याच्या नावात आजही दारूबंदीच आहे! वर्ध्यात १९७५ ला बंदी, गडचिरोलीत १९९३ ला, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला. चंद्रपूरच्या बंदीमागे बायकांची वर्षानुवर्षांची पायपीट होती. चिमूरहून नागपूरपर्यंत त्या चालत गेल्या होत्या. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. उठवताना जिल्ह्यातल्या निम्म्या महिला मतदारांची संमती घ्यावी असा नियम कुठे नव्हता.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. लहान गावांसाठी हे अंतर नंतर २२० मीटर झाले. जुना मुंबई-पुणे रस्ता चौक, खालापूर, खोपोली असा जातो. त्याच्या कडेने बार आणि दुकाने किती, हे त्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको. एप्रिल २०१७ मध्ये महामार्गांवरचे शटर एका आदेशाने खाली आले. जुलैमध्ये नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना मोकळीक मिळाली, पुढच्या वर्षी ग्रामपंचायतींच्या हद्दींबाबत राज्यांना अधिकार मिळाला, आणि शटर पुन्हा वर गेले. दुकान बंद करायला तीन न्यायमूर्ती पुरले, उघडायलाही पुरले.

याचा अर्थ बायका मतदानाला येतच नाहीत असा नव्हे. बिहारमध्ये २०१५ च्या विधानसभा निवडणुकीत बायकांचे मतदान ६०.४८ टक्के होते आणि पुरुषांचे ५३.३२. दारूबंदीचे आश्वासन हे त्यामागचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. रोजगारासाठी पुरुष बाहेर गेलेले असतात हेही आहेच. पण पुढच्या एप्रिलमध्ये तिथे बंदी झाली. आपल्याकडे साताऱ्याच्या जावळी तालुक्यात हाच आडव्या बाटलीचा नियम पाळून बायकांनी दुकाने बंद करून दाखवली. तिथे वारकरी कीर्तनकारांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून हवा तयार केली होती, आणि बाई घराबाहेर पडली तर तिच्यासोबत गल्ली बाहेर पडत होती. एकटीच्या पायांना ज्या रस्त्याची भीती असते ती चाळीस जणींच्या पायांना नसते.

जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. त्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित आहे, आणि देशीची १८० मिलिलिटरची बाटली किमान ८० रुपयांची झाली. यादीवर घरी राहिलेली बाई या हिशेबातही येतेच, नवऱ्याच्या खिशातून.

हा अंक हाती पडेल तेव्हा कर्जत-खालापूरच्या खाचरांत भात कापणीला आलेले असेल. आणखी तीन-चार आठवड्यांत खळी झाडली जातील, मुकादमांच्या गाड्या वाड्यांच्या तोंडाशी उभ्या राहतील. त्यानंतर कुणी २५ टक्के सह्या गोळा करायला निघाले, तर वाडीत त्यांना बहुतेक दारांना कड्या दिसतील. मतदारयादीत त्या घरांतल्या बायकांची नावे वयासकट, नवऱ्याच्या नावासकट, नीट छापलेली असतील.